पशुवैद्यांना विचारा : कुत्र्याला औषध द्यायचे ते आधी गोचिडांचे की हृदयकृमीचे?

प्रश्न : डॉक्टरसाहेब, सप्रेम नमस्कार. चोपडा तालुक्यात आमची केळी व कपाशीची शेती असून आम्ही मळ्यातच राहतो. आमच्याकडे दोन कुत्री आहेत. एक चार वर्षांचा लॅब्राडोर असून त्याचे वजन साधारण २८ किलो आहे. दुसरी राखणीची गावठी कुत्री, ती १६ किलोच्या आसपास असेल. शेजारीच गोठा आहे. टेक्सासमध्ये राहणारी माझी पुतणी तिच्या कुत्र्याला दरमहा हार्टवर्मची गोळी देते आणि आम्हीही ती सुरू करावी, असा तिचा आग्रह आहे. आमच्या कुत्र्यांना मात्र खरा त्रास गोचिडांचा आहे. गावातील जाणकार म्हणवणारे सांगतात, की बैलांना देतात ते आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन थोडेसे टोचले की गोचीड, पिसू, हार्टवर्म या सर्वांचा बंदोबस्त होतो आणि खर्चही वाचतो. दुकानात गेलो तर मानेवर सोडायचे थेंब, चघळायच्या गोळ्या, पट्टे, फवारे असे इतके प्रकार समोर ठेवतात की निवड करता येत नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

— एक शेतकरी, चोपडा तालुका

उत्तर : आपल्या दोन्ही कुत्र्यांसाठी पहिला खर्च गोचिडांवर करावा आणि तो बाराही महिने चालू ठेवावा. हृदयकृमीचे, म्हणजे हार्टवर्मचे, प्रतिबंधक औषध त्यानंतर आणि रक्ततपासणी करूनच सुरू करावे. बैलांचे इंजेक्शन कुत्र्यांना अजिबात टोचू नये.

आपल्या पुतणीचा आग्रह तिच्या ठिकाणी योग्यच आहे. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत हृदयकृमीचा प्रादुर्भाव फार मोठा आहे आणि तेथील पशुवैद्य वर्षभर दरमहा औषध देण्याचा सल्ला देतात. भारतात या कृमीच्या नोंदी प्रामुख्याने ईशान्येकडील राज्यांतून आलेल्या आहेत. आपल्या भागात त्याच्याच जातकुळीतील, पण कातडीखाली राहणारा डायरोफिलारिया रेपेन्स हा कृमी अधिक आढळतो. तो हृदयात जात नाही आणि सहसा कुत्र्याच्या जिवावर बेतत नाही. या दोन्ही कृमींची सूक्ष्म पिल्ले रक्ताच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ सारखीच वळवळताना दिसतात. त्यामुळे ‘रक्तात कृमी दिसले’ एवढ्या अहवालावरून कुत्र्याला हृदयकृमी झाला असे मानून उपचार सुरू करू नयेत. प्रौढ हृदयकृमीच्या मादीचा अंश रक्तात ओळखणारी अँटिजेन चाचणी करून घ्यावी.

आपल्याकडे धोका कमी असला तरी तो नाहीच असे म्हणता येत नाही. हा कृमी डासांमार्फत पसरतो आणि आपल्याकडे डासांना कोणत्याच ऋतूत पाण्याची वानवा नसते. पावसाळ्यात डबकी असतात, मळ्यात गुरांचा हाळ आणि पाण्याच्या टाक्या बारमाही भरलेल्या असतात, आणि ऐन उन्हाळ्यात, जेव्हा बाहेरचे पाणी आटते, तेव्हा घरोघरी लावलेल्या कूलरच्या टाक्यांत डास वाढतात. उबदार हवेत डासाच्या शरीरात या कृमीची अळी साधारण दोन आठवड्यांत संसर्गक्षम होते. ईशान्येतून किंवा परदेशातून आणलेले एखादे बाधित कुत्रे परिसरात आले, तर डासांना एवढे निमित्त पुरते.

हृदयकृमीच्या प्रतिबंधक औषधाचे काम कसे चालते, हे समजून घेतले म्हणजे त्याच्या वेळेचे महत्त्व लक्षात येईल. ते डास चावण्याला अटकाव करत नाही. मागील सुमारे एका महिन्यात डासाने शरीरात सोडलेल्या कोवळ्या अळ्या ते मारते. दोन महिन्यांच्या आसपास वय झालेल्या अळ्या मात्र त्याला पुरत्या दाद देत नाहीत आणि पुढे सहा-सात महिन्यांत त्या फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांमध्ये प्रौढ कृमी बनतात. मादी २५ ते ३० सेंटिमीटर लांब वाढते आणि हे कृमी पाच ते सात वर्षे जगतात. खोकला, थोड्या धावण्यानेही लागणारा दम, वजन घटणे आणि शेवटी पोटात पाणी होणे, ही लक्षणे दिसेपर्यंत रक्तवाहिन्यांचे व हृदयाचे बरेच नुकसान झालेले असते. प्रौढ कृमी मारणारे मेलारसोमाइन हे औषध कंबरेच्या स्नायूंत खोलवर टोचावे लागते, मरणाऱ्या कृमींच्या गाठी फुप्फुसात अडकू नयेत म्हणून कुत्र्याला कित्येक आठवडे बांधून शांत ठेवावे लागते, आणि हा सारा उपचार महागडा व आपल्या भागात सहज न मिळणारा आहे.

तपासणी आधी करण्याचे कारणही यातच आहे. ज्या कुत्र्याच्या रक्तात कृमीची पिल्ले मोठ्या संख्येने फिरत आहेत, त्याला प्रतिबंधक औषध दिले तर ती एकदम मरून कुत्र्याला धक्का बसल्यासारखी गंभीर अवस्था येऊ शकते. शिवाय संसर्ग होऊन सहा-सात महिने झाल्याखेरीज चाचणीत काही दिसत नाही. म्हणून आता चाचणी नकारात्मक आली आणि औषध सुरू केले, तरी सहा महिन्यांनी एकदा व त्यानंतर दरवर्षी चाचणी करावी.

आता गोचिडांकडे वळतो, कारण माझ्या मते आपल्या कुत्र्यांचा जीव खरा येथे गुंतलेला आहे. तपकिरी गोचिडांमधून कुत्र्याला एर्लिकिया व बबेसिया या जंतूंचे रोग होतात. बोलीभाषेत त्यांना गोचीडताप म्हणतात. गोचिडाने पसरणारा हेपॅटोझून हा तिसरा जंतू मात्र चाव्यातून जात नाही. अंग चाटताना किंवा कुरतडताना कुत्र्याने बाधित गोचीड गिळले तर तो शरीरात शिरतो. आपल्याकडे या रोगांचे निदान उशिरा होते, त्याला आपला उन्हाळा काही अंशी कारणीभूत आहे. एर्लिकियाच्या आजारात रक्तातील प्लेटलेट घटतात आणि कुत्र्याच्या नाकातून रक्त येते, तेव्हा घरचे लोक ‘उन्हाने घोळणा फुटला’ असे समजून त्याच्या डोक्यावर पाणी मारत राहतात. बबेसियात तांबड्या पेशी फुटून लघवी गडद तपकिरी होते, तेव्हा ‘उन्हाळी लागली’ म्हणून ताक पाजले जाते. ताप, खाणे सोडणे, फिक्या पडलेल्या हिरड्या, पोटाच्या कातडीवर लाल ठिपके, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे आणि रक्ताची काच तपासून घ्यावी. एर्लिकियावर डॉक्सिसायक्लीन चांगले काम करते, पण ते पशुवैद्याने सांगितले तितके आठवडे पूर्ण द्यावे लागते. दोन दिवसांत कुत्रे खाऊ लागले म्हणून औषध बंद करणे घातक ठरते. बबेसियाचे औषध वेगळे असते, म्हणून अंदाजाने औषध देऊ नये.

गोठ्याबद्दलही एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. गुरांच्या अंगावर दिसणारी गोचिडे बहुतांशी निराळ्या जातीची असतात आणि त्यांतील एक प्रमुख जात आपले सर्व आयुष्य एकाच जनावराच्या अंगावर काढते. कुत्र्याचे तपकिरी गोचीड मात्र प्रत्येक अवस्थेत रक्त पिऊन खाली उतरते आणि भिंतीच्या फटीत, चौकटीमागे, खाटेच्या सांध्यात दडून पुढच्या अवस्थेत जाते. मादी तेथेच हजारोंच्या संख्येने अंडी घालते, आणि उपाशी गोचीड अशा फटीत कित्येक महिने तग धरते. त्यामुळे केवळ गोठा फवारून कुत्र्यांची गोचिडे जाणार नाहीत. कुत्री जेथे निजतात ती ओसरी, पडवीच्या भिंतींच्या फटी व कुंपणाच्या दगडांमधील जागा यांकडे लक्ष द्यावे, फटी सिमेंटने बुजवाव्यात आणि अंथरुणाची पोती दर आठवड्याला उकळत्या पाण्यातून काढावीत. अंगावरचे गोचीड काढताना चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावे. रॉकेल किंवा पेटती काडी लावू नये, आणि नखाने तर चिरडूच नये, कारण याच गोचिडामार्फत माणसाला टायफसच्या प्रकारातील ताप येऊ शकतो. काढलेली गोचिडे साबणाच्या पाण्यात टाकावीत.

आता त्या इंजेक्शनविषयी. गुरांचे आयव्हरमेक्टिन साधारणतः एक टक्क्याचे असते, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये १०,००० मायक्रोग्रॅम औषध असते. हृदयकृमीच्या प्रतिबंधासाठी कुत्र्याला दर किलोला सुमारे ६ मायक्रोग्रॅम पुरतात. आपल्या १६ किलोच्या कुत्रीला त्या हिशेबाने ९६ मायक्रोग्रॅम लागतील, म्हणजे मिलिलिटरचा साधारण शंभरावा भाग. एवढे औषध साध्या सिरिंजने मोजणे शक्य नाही. ‘थोडेसे’ म्हणून कोणी अर्धा मिलिलिटर टोचला, तर ती मात्रा गरजेच्या पन्नासपट होते. खरजेसाठी पशुवैद्य कधी कधी बरीच मोठी मात्रा देतात हे खरे आहे, पण ती कुत्र्याची जात, वय व रक्त तपासून आणि स्वतःच्या देखरेखीखाली देतात. कोली, शेटलंड शीपडॉग, ऑस्ट्रेलियन शेफर्ड अशा मेंढपाळी जातींत व त्यांच्या संकरांत एका जनुकदोषामुळे मोठ्या मात्रेतील हे औषध मेंदूत शिरते आणि कुत्र्याला कापरे भरणे, आंधळेपणा, बेशुद्धी, प्रसंगी मृत्यू येतो. एवढे करूनही पिसू व गोचिडे यांवर या इंजेक्शनचा भरवशाचा उपयोग होत नाही. म्हणजे ज्या त्रासासाठी आपण ते देऊ पाहता, तो त्रास शिल्लकच राहील. कपाशीवर फवारायचे कीटकनाशक किंवा गुरांसाठीचे गोचीडनाशक द्रावण कुत्र्याला चोपडणे हे तर याहून भयंकर आहे, कारण कुत्रे अंग चाटते आणि ते विष थेट त्याच्या पोटात जाते. लाळ गळणे, थरथर, धाप ही विषबाधेची चिन्हे दिसताच अंग साबणाच्या पाण्याने धुऊन, औषधाची बाटली सोबत घेऊन तातडीने दवाखाना गाठावा.

दुकानातील निवड करताना खोक्यावरील कंपनीच्या नावापेक्षा आतील औषधाचे नाव वाचावे. फिप्रोनिलचे मानेवर सोडायचे थेंब पिसू व गोचीड या दोहोंवर साधारण महिनाभर चालतात, पण ते लावण्याच्या आधी व नंतर दोन-दोन दिवस अंघोळ घालता येत नाही. आपला लॅब्राडोर बहुतेक लॅब्राडोरांप्रमाणे दिसेल त्या पाण्यात उतरत असेल, तर हे औषध त्याच्यासाठी सोयीचे नाही. इमिडाक्लोप्रिड व मॉक्सिडेक्टिन एकत्र असलेले थेंब पिसू आणि हृदयकृमी यांवर उत्तम आहेत, मात्र गोचिडांसाठी त्यांवर विसंबू नये. इमिडाक्लोप्रिड व फ्लुमेथ्रिन असलेला गळपट्टा गोचिडांना काही प्रमाणात दूर ठेवतो व कित्येक महिने चालतो, परंतु तो गळ्याला नीट लागून बसवावा लागतो.

माझी पसंती आपल्या दोन्ही कुत्र्यांसाठी चघळायच्या गोळीला आहे. अफोक्सोलानर (नेक्सगार्ड) व सॅरोलानर (सिम्पारिका) या गोळ्या महिन्यातून एकदा द्याव्या लागतात, तर फ्लुरालानरची (ब्रॅव्हेक्टो) गोळी सुमारे बारा आठवडे चालते. लॅब्राडोरला दरमहा ठरलेल्या तारखेला महिन्याची गोळी देता येईल. मळ्यात मोकळी फिरणारी, वेळेवर हाती न लागणारी राखणीची कुत्री असेल, तर तिच्यासाठी बारा आठवड्यांची गोळी अधिक व्यवहार्य आहे आणि ती जेवणासोबत द्यावी. या गोळ्यांमुळे गोचीड चावल्यानंतर मरते, त्यामुळे गोळी दिल्यानंतरही अंगावर एखादे गोचीड दिसले म्हणून औषध निकामी समजू नये. वजन काट्यावर करूनच गोळी घ्यावी. मोठ्या कुत्र्याची गोळी आणून तिचे दोन कुत्र्यांत तुकडे वाटू नयेत, कारण औषध गोळीत सर्वत्र सारखे पसरलेले असेलच असे नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये या गटातील औषधांमुळे काही कुत्र्यांना थरथर, तोल जाणे व फिट येणे असे त्रास होऊ शकतात, असा इशारा दिलेला आहे. बहुसंख्य कुत्र्यांना ही औषधे चांगली मानवतात, परंतु आपल्या कोणत्याही कुत्र्याला पूर्वी फिट आली असेल तर पशुवैद्यांना ते आधी सांगावे.

एक गोष्ट विसरू नये. यांतील साध्या गोळ्या हृदयकृमीपासून रक्षण करीत नाहीत. त्यासाठी मिल्बेमायसीन किंवा मॉक्सिडेक्टिन यांची जोड असलेली गोळी अथवा वेगळे औषध लागते. दोन वेगवेगळ्या खोक्यांतून एकाच प्रकारचे औषध दुहेरी जात नाही ना, हेही पाहावे. जिल्ह्याच्या ठिकाणच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात किंवा खासगी दवाखान्यात दोघांची चाचणी करून घ्यावी आणि ती नकारात्मक असल्यास, ऐपत असेल तर, हृदयकृमीचे औषधही सुरू करावे. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर मात्र ते निःसंकोच गोचिडांवर खर्च करावेत. औषधाची खोकी मळ्यातील पत्र्याच्या खोलीत ठेवू नयेत. वैशाखात तेथील उष्णता औषधाला सोसण्याजोगी नसते.

प्रश्न : आम्ही भुसावळला राहतो. घरात पामेरियन कुत्रा, एक मांजर आणि दोन वर्षांची नात आहे. कुत्र्याला दर आठवड्याला पिसूंच्या शाम्पूने अंघोळ घालतो, तरी चार दिवसांत पिसवा पुन्हा दिसतात. त्याच्या शेपटीच्या मुळाशी केस गेले आहेत आणि शौचात तांदळाच्या दाण्यांसारखे काहीतरी दिसते.

— एक गृहिणी, भुसावळ

उत्तर : अंगावर दिसणाऱ्या पिसवा हा एकूण पिसूंचा अगदी लहान भाग असतो. उरलेली अंडी, अळ्या व कोष घरातील सतरंज्यांत, सोफ्याच्या कडांत आणि फरशीच्या सांध्यांत असतात. मादी दिवसाला चाळीसपर्यंत अंडी घालू शकते. शाम्पूने अंगावरच्या पिसवा मरतात, पण अंघोळीनंतर त्याचा प्रभाव उरत नाही, आणि कोषातून रोज नव्या पिसवा बाहेर येत राहतात. कोषांवर कोणतेच औषध फारसे चालत नाही. म्हणून टिकणारे पिसूनाशक कुत्रा आणि मांजर या दोघांनाही सलग निदान तीन महिने चालू ठेवावे लागेल. त्या काळात रोज झाडलोट करावी, शक्य असल्यास व्हॅक्यूम क्लीनर फिरवावा आणि चादरी गरम पाण्यात धुवाव्यात. पहिल्या काही आठवड्यांत पिसवा वाढल्यासारख्या वाटतील, तेव्हा औषध बदलू नये.

मांजराबाबत कळकळीने सांगतो, की परमेथ्रिन असलेले कुत्र्यांचे औषध मांजराला कधीही लावू नये. मांजराचे यकृत ते पचवू शकत नाही आणि थेंबभर औषधानेही त्याला झटके येऊन ते दगावू शकते. कुत्र्याला असे औषध लावले आणि मांजर त्याला बिलगून निजले, तरी धोका असतो. म्हणून आपल्या घरी परमेथ्रिन आणूच नये. दोघांसाठी त्यांच्या-त्यांच्या वजनाचे स्वतंत्र खोके घ्यावे. थेंब लावल्यानंतर जागा सुकेपर्यंत नातीला त्यांच्या अंगाशी खेळू देऊ नये. या दृष्टीने कुत्र्यासाठी चघळायची गोळी अधिक सोयीची ठरेल.

शौचातील दाणे हे बहुधा पट्टकृमीचे तुकडे आहेत. अंग कुरतडताना कुत्रा पिसू गिळतो आणि तिच्या पोटातील कृमी त्याच्या आतड्यात वाढतो. त्यासाठी प्राझिक्वांटेल लागते, पण पिसवा राहिल्या तर कृमीही पुन्हा होईल. लहान मुलाच्या पोटात चुकून पिसू गेली तर त्यालाही हा कृमी होऊ शकतो, तेव्हा नातीचे हात धुण्याकडे लक्ष द्यावे. केस जाण्याचे कारण पिसूच्या लाळेची अ‍ॅलर्जी हे असावे. पिसू आटोक्यात आल्यावरही खाज राहिली, तर कातडीची तपासणी करून घ्यावी.

प्रश्न : आमच्या शिरपूरच्या घराजवळ गावठी कुत्री व्याली आहे. पिल्ले पाच आठवड्यांची झाली असून अंगभर पिसवा आहेत. एक पिल्लू फारच मलूल दिसते. मोठ्या कुत्र्यांची गोळी अर्धी करून द्यावी का?

— एक महाविद्यालयीन विद्यार्थी, शिरपूर

उत्तर : गोळी अजिबात देऊ नका. चघळायच्या गोळ्या साधारणतः आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लांना चालत नाहीत आणि त्यांना वजनाचीही किमान अट असते. मलूल पिल्लाचा ओठ वर करून हिरडी पाहा. ती पांढुरकी असेल तर पिसवांनी रक्त शोषल्यामुळे त्याला पंडुरोग झाला आहे आणि त्याला आजच दवाखान्यात न्यायला हवे. बाकीच्या पिल्लांना कोमट पाण्यात थोडा सौम्य साबण घालून डोळे वाचवत धुवा, बारीक दातांच्या फणीने विंचरा आणि लगेच कोरडे करून उबेत ठेवा. फिप्रोनिलचा फवारा अगदी लहान पिल्लांसाठीही वापरता येतो, पण त्याची मात्रा वजनावर ठरते, म्हणून ती पशुवैद्यांकडून समजून घ्या आणि औषध आधी हातमोज्यावर घेऊन मग चोळा. कडुलिंबाचे तेल, कापूर, लसूण किंवा डांबराच्या गोळ्या यांचा प्रयोग पिल्लांवर करू नका.

पिल्लांच्या आईवर औषध न करता पिल्ले कितीही धुतली, तरी पिसवा परत येतील. ती अंगावर पाजत आहे, हे सांगूनच तिच्यासाठी औषध मागा. पिल्लांचे जंताचे औषध आतापर्यंत दिले नसेल तर याच भेटीत सुरू करा आणि सांगितलेल्या अंतराने पुन्हा द्या. जी पिल्ले पुढे कोणाच्या घरी जातील, त्यांना आठव्या आठवड्याच्या सुमारास रक्ततपासणीशिवायही हृदयकृमीचे प्रतिबंधक सुरू करता येते, कारण इतक्या लहान वयात प्रौढ कृमी असण्याचा संभव नसतो. ती कुत्री निजते ती जागा उन्हे येतील अशी मोकळी करा, जुनी पोती जाळून टाका आणि दर दोन-तीन दिवसांनी कोरडी स्वच्छ पोती घाला.